आजोबांची पलटण नेमकी कुठली?

आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती : आजोबा इटलीत यशवंत घाडगेंच्या शेजारी लढले. घाडगे म्हणजे माणगावचे, 10 जुलै 1944 ला धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेले. लहानपणी मी शाळेत हे छाती फुगवून सांगायचो.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना बिस्किटाच्या डब्यात तांब्यासारख्या रंगाचा सहाटोकी तारा सापडला. मधोमध 'इटली स्टार' कोरलेलं. म्हणजे इटली खरी! खाली घडीवर फाटलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोंदपुस्तक. उजेडात धरून वाचलं तर पलटण 1/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. घाडगे होते 3/5 मध्ये, म्हणजे तिसऱ्या पलटणीत. दोन्ही इटलीत, पण दोन वेगळ्या डिव्हिजनमध्ये. दोन दिवस मी आईला काही बोललोच नाही.

मग 1/5 च्या मागे लागलो. याच पलटणीच्या नामदेव जाधवांना 9 एप्रिल 1945 रोजी सेनियो नदीवर जखमी साथीदारांना नदीतून सुरक्षित जागी नेल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा नेहमी म्हणत, "नदीत गळ्यापर्यंत पाणी." घाडगेंचं नाव बहुधा काकांनी नंतर चिकटवलं असावं.

तुम्ही शोधणार असाल तर आधी आर्मी नंबर गाठा. लष्कराला लिहिलेलं माझं पहिलं पत्र नुसत्या नाव-गावावर गेलं आणि वाया गेलं. एकाच नावाचे डझनभर शिपाई असतात. दुसऱ्या पत्रात नंबर, पलटण आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स घातली आहे. त्या नदीवर आजोबा त्या दिवशी होते का, हे अजून कळायचंय.