शहरात डिझेल गाडी चालवताना डीपीएफ कसा सांभाळायचा

भारतात १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं, आणि तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, येऊ लागला. हा सिरॅमिकचा, मधाच्या पोळ्यासारखा फिल्टर असतो. त्यातल्या बारीक नळ्यांची तोंडं एकाआड एक बंद केलेली असतात, त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. ही काजळी जाळून फिल्टर मोकळा करायचा म्हणजे रीजनरेशन, गॅरेजच्या भाषेत रीजन. त्याला लागते उष्णता, आणि रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या ऑफिस फेरीत नेमकी तीच मिळत नाही.

हायवेवर एक्झॉस्ट सलग तापलेला राहतो, तेव्हा काजळी आपोआप थोडी थोडी जळत जाते. शहरात ती साचत जाते. ठरावीक पातळी ओलांडली की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, स्वतःहून रीजन सुरू करतो. मुख्य ज्वलन झाल्यावर सिलेंडरमध्ये उशिरा थोडं जादा डिझेल फवारलं जातं, ते एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिस्टमध्ये पेटतं आणि फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. या कामाला साधारण १० ते २० मिनिटं लागतात. बहुतेक गाड्यांत हे चालू असताना कोणताही दिवा लागत नाही, म्हणून खुणा ओळखता यायला हव्यात. आयडलचे आरपीएम नेहमीपेक्षा वर राहतात, अनेकदा हजारच्या आसपास. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, स्क्रीनवरचं तात्कालिक ॲव्हरेज अचानक पडतं, गरम वास येतो आणि गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो.

अशा खुणा दिसल्या तर गाडी बंद करू नका. घर आलं असलं तरी दहा-पंधरा मिनिटं पुढे चालवून या. रीजन अर्धवट तुटणं एकदा-दोनदा चालतं, पण रोज तुटायला लागलं की खरा त्रास सुरू होतो. काजळी जळत नाही ती नाहीच, शिवाय उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतो. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. म्हणून महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहा. ऑइल कमी झालं का हे बघायची सवय सगळ्यांना असते, इथे ते वाढलं का हेही बघायचं आहे. वरच्या खुणेच्या वर गेलं असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर सर्व्हिसची तारीख येण्याची वाट न पाहता ऑइल बदला.

पिवळा डीपीएफ दिवा स्थिर लागला आणि गाडीची ताकद नेहमीसारखी असेल, तर अजून काम आपल्या हातात आहे. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल ठेवा, कारण त्याखाली अनेक गाड्या रीजन सुरूच करत नाहीत. इंजिन पूर्ण तापू द्या. मग सिग्नल नसलेल्या रस्त्यावर २० ते ३० मिनिटं, ६० ते ८० च्या वेगाने, एक गिअर खालचा ठेवून २००० ते २५०० आरपीएमवर सलग चालवा. पुण्यातून निघणाऱ्याला साताऱ्याच्या किंवा नाशिकच्या दिशेने शहराबाहेर पडलं की असा पट्टा मिळतो. घाट मात्र यासाठी फारसा उपयोगी नाही. चढताना एक्झॉस्ट चांगला तापतो, पण उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनचं इंधन बंद होतं आणि फिल्टर पुन्हा गार पडतो. जागेवर उभं राहून रेज करण्यानेही काही साधत नाही, फक्त डिझेल जातं. काही गाड्यांत उभ्या गाडीत रीजन करण्याचं बटण असतं. ते वापरताना गाडी मोकळ्या जागेत, वाळलेल्या गवतापासून दूर लावा आणि मुलांना सायलेन्सरजवळ जाऊ देऊ नका.

दिवा लुकलुकायला लागला, किंवा सोबत चेक इंजिनचा दिवा लागून गाडी ओढेनाशी झाली, तर हायवेवर पळवून बघू नका. अशा वेळी काजळी इतकी साचलेली असते की ती एकदम पेटली तर फिल्टर तडकू शकतो. सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनरने रीजन करून घ्या, आणि झाल्यावर ऑइलची पातळी तपासायला सांगा.

डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) टाकून हा दिवा जात नाही. तो ३२.५ टक्के युरियाचा द्रव वेगळ्या यंत्रणेसाठी, नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी असतो.

दर काही दिवसांनी दिवा परत येत असेल, तर फिल्टर बदलण्याआधी कारण शोधा. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), टर्बोचा फाटलेला होज, ऑइल खाणारा टर्बो, यांतल्या कशानेही काजळी वाढते. थर्मोस्टॅट उघडा राहिला तर इंजिन पुरेसं तापत नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी चिरली असली, तर चुकीचं रीडिंग मिळतं आणि चांगला फिल्टर बदनाम होतो. ती नळी तपासणं सगळ्यात स्वस्त आहे, तिथूनच सुरुवात करा.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हमधून, आणि ती कोणत्याही रीजनने जात नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं ऑइल वापरा. डब्यावर एसीईए (युरोपियन ऑइल मानक) सी२ किंवा सी३ असं काही लिहिलेलं असतं. नुसतं ५डब्ल्यू-३०, म्हणजे ऑइलचा दाटपणा, जुळलं म्हणून भागत नाही. राखेने फिल्टर भरायला लाखभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त लागतात, आणि तेव्हा तो काढून यंत्रावर साफ करावा लागतो.

फिल्टर आतून फोडून टाकण्याचा सल्ला ऐकू नका. मोटार वाहन कायद्यात असा बदल बेकायदा आहे, आणि ती काजळी मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जाते. जुनी बीएस-६ डिझेल गाडी घेताना सायलेन्सरच्या तोंडात, गार असताना, बोट फिरवून पाहा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर आतला फिल्टर तडकलाय किंवा कोणीतरी तो काढून टाकलाय.