नवा बल्ब आणण्याआधी हेडलाइटच्या या चुका टाळा

हेडलाइट मंद वाटला की लोक थेट नवा बल्ब आणतात, आणि आणायचाच तर दुप्पट वॉटचा. बल्बमागचा कपलर, म्हणजे वायरचा प्लग, काढून बघायला दोन मिनिटं लागतात, पण तेवढा धीर कुणाला?

माझ्या भाच्याने हेच केलं. गाडीला मूळ एच4 बल्ब, 60/55 वॉटचे, म्हणजे एकाच बल्बमध्ये लांबचा अप्पर 60 चा आणि खाली झुकलेला डिपर 55 चा. एका बाजूचा उजेड पिवळट पडत होता, म्हणून याने दोन्हीकडे 100/90 चे बसवले आणि "मामा, रात्रीचा दिवस केला बघा" म्हणत पंधरा दिवस मिरवलं. मग एका रात्री आम्ही दोघं, भर पावसात, वळणांच्या रस्त्यावर. आधी स्टिअरिंगखालून प्लास्टिक जळल्याचा वास आला आणि पाठोपाठ दोन्ही डिपर गेले. अप्पर चालू.

"दोन्ही बल्ब उडाले," हा म्हणाला. अरे बाबा, दोन बल्ब ठरवून एका क्षणी उडत नसतात. दोन्ही एकदम गेले की दोघांना जिथून करंट जातो तिथे बघायचं: फ्यूज, रिले (स्विचऐवजी मोठा करंट झेलणारा), स्विच. 55 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टला साधारण 9 अँपिअर ओढतात, 90 चे दोन ओढतात 15. त्या गाडीत हेडलाइटला रिले नव्हताच, सगळा भार स्टिअरिंगजवळच्या दांडीतल्या स्विचवर. डिपरचा कॉन्टॅक्ट जळून कोळसा. अप्पर लावून समोरच्यांना आंधळं करत जाणं मला पटेना. रस्ता मोकळा असेल तेवढाच अप्पर लावत कसंबसं पंपावर पोचलो आणि उजाडेपर्यंत गाडीत बसलो.

सकाळी बघतो तर मूळ दुखणं अर्थचं, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जातो त्या वाटेचं. बॉडीला जोडलेल्या वायरचा बोल्ट गंजलेला. बल्बला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो, हे लोकांना खरंच वाटत नाही. माझी सवय अशी: दोन्ही टोकांना क्लिप असलेली एक वायर गाडीत ठेवतो. दिवा चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बल्बच्या अर्थच्या पिनला. उजेड वाढला की चोर सापडला. मग तो बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईस्तोवर घासायचा. इंडिकेटर लावल्यावर हेडलाइटही लुकलुकत असेल तर तपासायचीही गरज नाही, सरळ अर्थ बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलकटपणाने तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. फ्यूज उडाला म्हणून मोठा टाकू नका. फ्यूजच्या जागी वायर गुंडाळणाऱ्यांशी मी बोलतच नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबला की उजेड फिलामेंटच्या जागेवरून निघत नाही, तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. पिवळ्या काचेला टूथपेस्ट घासून चमक येते, पण यूव्हीचा थर गेलेलाच असतो, त्यामुळे ती पुन्हा पिवळी पडते.

दिव्याचा कोन मात्र विसरू नका. डिकी भरली की नाक वर होतं आणि डिपरसुद्धा अप्परसारखा लागतो. डॅशबोर्डवर लेव्हलचं चाक असेल तर ते त्याचसाठी आहे. भिंतीपासून 10 मीटरवर गाडी सपाट जागी उभी करा, डिपरची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी. त्याआधी टायरची हवा बघा.

आणि उजेड चांगला झाला म्हणून वेग वाढवू नका. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दिसणं, पाय ब्रेकवर जाणं, गाडी थांबणं यात कोरड्या रस्त्यावरही 65-70 मीटर सहज लागतात. तेवढ्या अंतरावरचा काळ्या कपड्यातला माणूस डिपरमध्ये दिसेलच असं नाही.

भाच्याने आता मुकाट्याने 60/55 लावलेत. माझी क्लिपवाली वायर "दोन दिवसांसाठी" म्हणून नेली, ती अजून आलेली नाही.