ते फुगा म्हणाले, मी हायडॅटिड लिहिलं

सात महिन्यांच्या नोंदी मी एका दुपारी आडवी रेघ मारून बाद केल्या. तीन जाड वह्या. खानापूरच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत अजून, आईला रद्दीत देऊ देत नाही.

पट्टकृमींवर (टेपवर्मवर) काम करायचं ठरवलेल्या, त्यातही आपल्या बेळगाव-चिकोडी-खानापूर भागात नमुने गोळा करणार असलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. जीवनचक्रं तुम्हाला पाठ असतील, ती उगाळत नाही. पुस्तकात जे एका ओळीत उरकतात आणि माझं वर्ष ज्याने खाल्लं, तेवढं मात्र सविस्तर सांगणार आहे.

माझा विषय वरवर सरळ होता: एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस ह्या कुत्र्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीच्या अळीमुळे होणाऱ्या पाणी भरलेल्या गाठी, म्हणजे हायडॅटिड गाठी, शेळ्यामेंढ्यांत किती सापडतात आणि त्या कुठल्या जनुकीय प्रकाराच्या आहेत. पहाटे साडेचारला कत्तलखान्यात हजर व्हायचं. तिथले चाचा दख्खनी बोलणारे, हाताखालचा पोरगा कन्नड, मी मराठी. मी विचारायची, "पाणी भरलेलं काही निघालं का?" पोरगा म्हणायचा "नीरिन गुळ्ळे", चाचा म्हणायचे "पानी का फुग्गा", रायबागकडचे धनगर म्हणायचे "पाण्याचा फुगा". तीन भाषा शिकतेय म्हणून मी खूश. वहीत मात्र तिघांसाठी एकच रकाना होता, आणि त्याच्या डोक्यावर मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं: हायडॅटिड.

फुगे दोन जातींचे असतात. माझ्या वह्यांत दोन्ही एकत्र गेले होते.

दुसरा फुगा टीनिया हायडॅटिजेना ह्या वेगळ्या पट्टकृमीच्या अळीचा, तिचं नाव सिस्टिसर्कस टीन्युइकोलिस. ह्याचाही प्रौढ कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, हाही शेळीमेंढीतच सापडतो, आणि नावातसुद्धा 'हायडॅटि' आहे, म्हणजे फसायची सोय चोख. पण माणसाच्या दृष्टीने त्याचं महत्त्व जवळजवळ शून्य. मी आठवड्याला जे डझनभर फुगे मोजत होते, त्यातले बरेचसे हे होते.

फरक डोळ्यांनी कळतो, फक्त गाठ कापावी लागते. टीन्युइकोलिस बहुतेक वेळा आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला लोंबत असतो, कधी यकृताच्या पृष्ठभागावर चिकटलेला. कवच इतकं पातळ की उजेडात धरलं तर आरपार दिसतं, आणि आत तांदळाच्या दाण्याएवढा एकच पांढरा ठिपका. तो ठिपका हलक्या हाताने दाबला की उलटा होऊन डोकं बाहेर येतं, मागे लांब मान. टीन्युइकोलिस म्हणजेच बारीक मानेचा. हायडॅटिड गाठ यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या मांसात रुतलेली असते. कापली की आतून जाड पांढरा थर सुटा निघतो, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा थरथरणारा. गाठ फलक्षम, म्हणजे पुढे कृमी होऊ शकतील अशी, असेल तर पाण्याच्या तळाशी बारीक वाळू बसते, ती म्हणजे शेकडो सूक्ष्म डोकी. एक थेंब काचपट्टीवर घ्या, इओसिन हा रंग टाका: मेलेली लाल होतात, जिवंत रंग घेत नाहीत. वांझ गाठीत वाळू नसते, तेव्हा थरावरच भिस्त.

मी कापतच नव्हते. गाठीचा व्यास मोजायचा, वजन करायचं, अख्खी गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीत. फॉर्मॅलिन का, तर एका सीनियरच्या प्रबंधात तसं होतं आणि मी पद्धतीचं प्रकरण जवळजवळ जसंच्या तसं उतरवलं होतं. त्यांचं काम ऊतींचे काप बघण्याचं होतं, त्यांना फॉर्मॅलिनच हवं. मला डीएनए हवा होता, आणि फॉर्मॅलिनमध्ये महिनोन्‌महिने पडलेल्या ऊतीतला डीएनए तुटतो, प्रथिनांशी जखडतो. पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती काढून बघण्याच्या चाचणीच्या, जेलवर ओळीने रिकाम्या रांगा. तरी मी दीड महिना रसायनांनाच दोष देत बसले. शेवटी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या एका निवृत्त पशुवैद्यांनी बरणी खिडकीशी धरली आणि विचारलं, "बाळ, ही मान कुणाची?"

त्या रात्री बसून हिशेब केला. कापलं असतं तर ओळख पटली असती. तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला असता तर आत न बघताही पुढे डीएनएवरून पटली असती. दोन्ही दारं मीच लावून घेतली होती.

म्हणून रकान्याच्या डोक्यावर कृमीचं नाव लिहू नका. कुठे होती, कवच पातळ की जाड, आत काय दिसलं, एवढं लिहा. नाव नंतर. समोरच्याने वापरलेला शब्दही त्याच्याच भाषेत उतरवून ठेवा, उपयोगी पडतो.

कुत्र्यांच्या विष्ठेत हाच सापळा पुन्हा भेटेल. टीनिया आणि एकायनोकॉकस, दोघांची अंडी 30 ते 40 मायक्रॉनची, रेघारेघांच्या जाड कवचाची, आत सहा हुकांचा भ्रूण. सूक्ष्मदर्शकाखाली ती वेगळी सांगता येतात असं कुणी छातीठोकपणे म्हणालं, तर मान डोलवा आणि पीसीआर करा.

आता भीतीबद्दल. घरच्यांना वाटतं, पोरगी रोज गाठी हाताळते, तिलाच लागण होईल. गाठीतली डोकी कुत्र्याच्या पोटात गेली तर कृमी होतात. माणसाला लागण होते ती कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांपासून. हातमोजे हवेतच, पण कत्तलखान्यात झोप उडवून घेऊ नका. विष्ठेच्या नमुन्यांशी मात्र जराही हयगय चालणार नाही. अल्कोहोलने ही अंडी मरत नाहीत, फॉर्मॅलिनवरही विसंबता येत नाही. नमुने आधी उणे 80 अंशांत काही दिवस गोठवा, मगच उघडा. तसा फ्रीझर तुमच्या विभागात नसेल तर विष्ठेचा भाग प्रस्तावातून काढून टाका. गाईड "बघू, करू" म्हणाले तरी काढा. माणसाच्या शौचाच्या नमुन्यांतही टीनिया सोलियमची, म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची, अंडी असू शकतात, आणि ती पोटात गेली तर त्यांतली अळी तुमच्या मेंदूपर्यंत पोचू शकते. तेवढं गांभीर्य तिथेही.

मेंदूतल्या ह्या अळीच्या गाठीला गावात लोक "मेंदूत किडा" म्हणतात. त्याने फिट आली की अजून कांदा हुंगवतात. एका आजींनी मला सुनावलं, "आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, नातवाच्या डोक्यात किडा कुठनं येतोय?" हा प्रश्न तुम्हालाही विचारतील, उत्तर तयार ठेवा. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात कृमी होतो. मेंदूत गाठ होते ती अंडी गिळल्याने, आणि अंडी येतात ज्याच्या आतड्यात कृमी आहे अशा माणसाच्या न धुतलेल्या हातातून, दूषित पाण्यातून, भाजीवरून. शाकाहाराने दुसरी वाट बंद होत नाही. हे सांगताना आवाज खाली ठेवा. त्या घराला आधीच शरम वाटत असते.

कागदपत्रांचं थोडक्यात. कर्नाटकच्या 2020 च्या गोहत्याबंदी कायद्यामुळे गाय-बैलांचे नमुने कत्तलखान्यातून मिळणार नाहीत. म्हशींनाही तेरा वर्षांची अट आहे. महाराष्ट्रातला किंवा केरळातला प्रस्ताव उतरवून काढलात तर इथेच अडकाल. माणसांचे नमुने घेणार असाल तर संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हींत करा. खानापूरकडच्या बाईपुढे फक्त कन्नड कागद ठेवून अंगठा घेतलात तर ती संमती नव्हे.

गाईडबद्दल माझं मत थोडं कडू आहे. नामांकित गाईड शोधत फिरू नका. तुमची वही महिन्यातून एकदा उघडून बघेल असा माणूस शोधा. माझी वही सात महिने कुणी उघडली नाही. चूक माझीच, पण उघडली असती तर पहिल्याच महिन्यात पकडली गेली असती. कत्तलखान्यातल्या चाचांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. आता फुगा निघाला की तेच सुरीच्या टोकाने कापतात, उजेडात धरतात आणि ओरडतात, "ताई, ये मान-वाला है, तुमारा नै!"

तुमचंही वर्ष असं गेलं असेल तर सोडून जाऊ नका. मला दुसऱ्या फेरीला पहिलीच्या निम्मा वेळसुद्धा लागला नाही, कारण हात आणि डोळा दोन्ही बसले होते. आणि अल्कोहोलचं एक राहिलं: अख्खी गाठ त्यात बुडवू नका, आतल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं. आतल्या थराचा नखाएवढा तुकडा घ्या, स्वच्छ पाण्यात खळबळा, कितीतरी पट अल्कोहोलमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी ते बदला. बाटलीवरची चिठ्ठी पेन्सिलने लिहून आत सोडा. शाई त्यात विरघळते.