शाळेच्या प्रोजेक्टसाठी खात्रीची माहिती कुठे आणि कशी शोधायची

माझी भाची नववीत आहे. तिला बहात्तरच्या दुष्काळावर प्रोजेक्ट होता, आणि ती माझ्याकडे आली तेव्हा वहीत एकच वाक्य तीनदा खोडलेलं होतं, रोजगार हमी योजना कधी सुरू झाली. एका साईटवर १९७२, दुसरीवर १९७७, तिसरीवर १९७९. "मावशी, यातलं खरं कुठलं?" तर तिन्ही खरी. योजना १९७२ ला दुष्काळात सुरू झाली, तिचा कायदा १९७७ ला झाला आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. साईटवाल्यांनी नुसतं साल उचललं, कशाचं साल ते लिहिलंच नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की कुठलाही आकडा वहीत उतरवताना शेजारी तीन गोष्टी लिहा: हे कोण म्हणतंय, कधी म्हटलंय आणि त्याला हे कसं कळलं. तिन्हीपैकी एकही सापडत नसेल तर तो आकडा कितीही छान असला तरी सोडून द्या.

शोधायला बसायच्या आधी विषय बारीक करून घ्या. 'दुष्काळ' म्हणून सर्च केलं की ढीगभर येतं आणि कामाचं काहीच नसतं, पण 'आपल्या तालुक्यात ७२ साली दुष्काळी कामं कुठली झाली' असा प्रश्न असला की कुठे जायचं ते आपोआप कळतं.

सुरुवात मराठी विश्वकोशापासून करा. ऑनलाइन फुकट आहे, भाषा आपली आहे, आणि नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, बऱ्याच ठिकाणी संदर्भग्रंथही दिलेले असतात. ते संदर्भ म्हणजे पुढच्या पुस्तकांची तयार यादीच. फक्त पहिला खंड १९७६ चा आहे हे ध्यानात ठेवा, म्हणजे संकल्पना समजून घ्यायला उत्तम पण लोकसंख्या, उत्पादन असले आकडे तिथून घेऊ नका. विकिपीडियाचं म्हणाल तर वाचा जरूर, पण प्रोजेक्टमध्ये विकिपीडियाचं नाव टाकण्यापेक्षा पानाच्या तळाशी ज्या तळटीपा असतात त्या उघडा आणि मूळ पुस्तक किंवा अहवाल गाठा.

आता लायब्ररी. आपल्याकडे तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय असतं, जिल्ह्याला सरकारी जिल्हा ग्रंथालय असतं, आणि नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर अशी शंभर वर्षं ओलांडलेली वाचनालयं आहेत, जवळ राहत असाल तर जाऊन याच. ग्रंथपालांना "दुष्काळाची माहिती द्या" असं म्हणू नका, ते तरी काय देणार बिचारे. तुमचा बारीक केलेला प्रश्न सांगा, आणि संदर्भ विभाग कुठे आहे, जुन्या पेपरच्या फाइली आहेत का, जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, आहे का, एवढं विचारा. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात, म्हणून दोन तास हाताशी ठेवून जा.

पुस्तक हातात आलं की आधी पहिलं पान उलटून मागची बाजू बघा, तिथे प्रकाशक आणि कितवी आवृत्ती कुठल्या साली निघाली ते असतं. मग शेवटी जा, सूची, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानावर आहे त्याची यादी, आहे का बघा. सूची असली की अख्खं पुस्तक वाचायची गरज नाही, 'दुष्काळ' सोबत 'अवर्षण', 'टंचाई' हेही शब्द शोधा, कारण जुन्या सरकारी लिखाणात टंचाई हाच शब्द सारखा येतो. मोबाईलने फोटो काढायचा असेल तर विचारून काढा आणि आधी मुखपृष्ठाचा, मग पानाचा, नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या पुस्तकातलं तेच कळत नाही.

गॅझेटियरबद्दल एक सावधगिरी. ब्रिटिशांच्या काळातली वेगळी आणि नंतर राज्य सरकारने काढलेली वेगळी. दोन्ही ऑनलाइन सापडतात, नावंही सारखीच, आणि मुलं १८८० च्या आसपासची लोकसंख्या आजची म्हणून लिहून मोकळी होतात. साल बघा, नेहमी साल बघा.

ऑनलाइन आकड्यांसाठी जनगणनेची साईट आणि महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. पाहणी दरवर्षी बजेटच्या सुमारास निघते, मराठीतूनही मिळते. जुन्या पुस्तकांसाठी आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्ह. गुगलमध्ये शब्दांच्या पुढे 'साईट', कोलन आणि 'जीओव्ही डॉट इन' हे इंग्रजी अक्षरांत, कोलननंतर जागा न सोडता टाकलं की फक्त सरकारी पानं येतात, हे एवढं केलं तरी निम्मा कचरा जातो. आणि मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा, असं दोनदा शोधा, स्कॅन केलेली मराठी पुस्तकं सर्चमध्ये पटकन येत नाहीत.

चॅटबॉटला विचारायला माझी हरकत नाही, शब्द समजून घ्यायला चांगला आहे. पण भाचीला एका चॅटबॉटने दुष्काळावरची चार पुस्तकं सुचवली, लेखकांच्या नावासकट, आम्ही ग्रंथपालांकडे यादी नेली तर त्यातली दोन कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हती. पोरगी रडवेली झाली हो, तिने ती फेअर वहीत लिहिली होती. तेव्हा त्याने सांगितलेलं पुस्तक आधी शोधून डोळ्यांनी बघा, मगच लिहा. व्हॉट्सॲपवर आलेलं तर मूळ सापडेपर्यंत घेऊच नका.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विसरू नका. माझ्या आईने दुष्काळी कामावर खडी फोडलीय त्या साली, तिथे वाटायचे ती सुकडी खाल्लीय, मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीची लाल भाकरी खाल्लीय, भाचीने तिला तासभर बोलतं केलं. अशी मुलाखत हा खराखुरा स्रोत आहे, फक्त आजी सांगते ते तिच्या गावाचं आणि तिच्या घरचं, त्यावरून सगळ्या जिल्ह्यात असंच झालं असं लिहू नका. संदर्भांच्या यादीत पुस्तकाचं लेखक, नाव, प्रकाशक, साल, पान असं येतं, वेबसाईटसोबत ती बघितल्याची तारीख येते, तसंच आजीचं नाव, वय, गाव आणि बोलल्याची तारीखही येते. भाचीने ती नोंद सगळ्यात वर लिहिली.