लाइट आल्यावर मोटर तीन मिनिटं थांबवायची कशी

पंचगंगेच्या काठावर एकेका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेतीपंपांच्या दहा-पंधरा मोटरी असतात. लाइट आली की ऑटोवरच्या (आपोआप सुरू होणाऱ्या) सगळ्या एकदम उठतात, प्रत्येक मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, व्होल्टेज बसतं आणि फ्यूज उडतो. प्रत्येकाने आपली मोटर थोडी मागेपुढे सुरू केली तर हा ताण टळतो. त्यासाठी लागतो टायमर, आणि टायमरचा जीव रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीत असतो.

हिशेब सोपा आहे. मेगओहम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे सेकंद. तेवढ्या वेळात कपॅसिटर सप्लायच्या ६३ टक्के भरतो. ५५५ ही टायमरची आयसी सप्लायच्या दोन-तृतीयांश व्होल्टेजला पलटते, म्हणून तिथे गुणाकाराला १.१ ने गुणायचं: ९१ के (०.०९१ मेगओहम) आणि १०० मायक्रोफॅरड, १० सेकंद.

हाच हिशेब १८० सेकंदांना लावला तर २२० मायक्रोफॅरड आणि साधारण ७४३ के येतात. कागदावर बरोबर, पण पेटीत दगा देतात. १२ व्होल्टवर पलटण्याच्या क्षणी रेझिस्टरमधून जेमतेम ५.४ मायक्रोअँपियर येतो. १६ व्होल्टच्या साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला डेटाशीट ३५ मायक्रोअँपियरपर्यंत गळती (आतून निसटणारा करंट) माफ करते. चांगला माल त्याहून खूप कमी गळतो, पण जुना किंवा तापलेला निघाला तर तीनाची सात मिनिटं होतात, नाहीतर रिले (करंटवर ओढला जाणारा स्विच) ओढतच नाही. रेझिस्टर कमी करून कपॅसिटर वाढवला तरी उपयोग नाही, गळतीही तेवढीच वाढते.

म्हणून सीडी४०६० आयसी घ्या. ही छोट्या कपॅसिटरवर ठोके तयार करते आणि मोजते. एक ठोका म्हणजे २.३ गुणिले आर गुणिले सी, आणि ८१९२ ठोक्यांनंतर पिन ३ चं व्होल्टेज वर येतं.

पिन १० ला ८२ के आणि ४७ केचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये, पिन ९ ला ०.१ मायक्रोफॅरड, पिन ११ ला १ मेग. तिघांची दुसरी टोकं एकत्र जोडा. कपॅसिटर १०४ छापलेला मायलर हवा. साधा सिरॅमिक उन्हात किंमत बदलतो. १६ ला १२ व्होल्ट, ८ ला ग्राउंड. पिन १२ वरून ०.१ मायक्रोफॅरड प्लसला आणि १ मेग ग्राउंडला, म्हणजे लाइट येताच मोजणी शून्यावरून सुरू होते. पिन ३ वरून १० के, बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला. कलेक्टरला १२ व्होल्टचा रिले, त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा.

पिन ३ वरून ११ कडे १एन४१४८ डायोड विसरू नका, पट्टी ११ कडे. तो नसेल तर मोजणी चालूच राहते आणि आणखी तीन मिनिटांनी मोटर बंद पडते.

प्रीसेट फिरवून १५४ ते २४३ सेकंद मिळतात. सेट करताना दर वेळी तीन मिनिटं बसायची गरज नाही: पिन १५ सोळापट लवकर वर येते. मीटरवर ती ११.२५ सेकंदांनी उठली की १८० झाले. शेजाऱ्याशी तंतोतंत वेळ जुळवू नका. इथे दहा-वीस सेकंदांचा फरक हवाच आहे.

रिलेचा एनओ (एरवी उघडा असणारा) कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये येतो, मोटरच्या वायरला कधीच नाही. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर २५० व्होल्टचा रिले चालणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात २४० ची कॉइल शोधा आणि ती फेज-न्यूट्रलमध्ये जोडून घ्या. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर थांबवणारा) आहे तसाच ठेवा. काम करताना किटकॅट (फ्यूजची चिमणी) काढून खिशात. लाइट कधी येईल याचा नेम नसतो.

इथल्या पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. फ्लक्सचा चिकटा दमट झाला की १ मेगला समांतर वाट तयार होते आणि वेळ भरकटते. सोल्डरची बाजू थिनरने घासून, वाळवून, रिवाइंडिंगवाल्याकडचं वार्निश लावा. प्रीसेटवर मात्र नको, ते आत गेलं की पुन्हा फिरत नाही.