डिशवॉश लिक्विड पातळ झालं म्हणून अजून मीठ टाकताय? आधी थांबा, या चुका टाळा

घरी किंवा बचत गटात भांडी घासायचं लिक्विड बनवणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, काल मस्त दाट होतं आज पाण्यासारखं झालंय, आता काय टाकू? मग कोणी मीठ सांगतं, कोणी सोडा सांगतं, कोणी अजून काही पावडर, आणि संध्याकाळपर्यंत अख्खा ड्रम वाया. माझं सरळ मत आहे, बिघडलेल्या बॅचमध्ये लगेच काहीतरी टाकणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी दोन ग्लास लिक्विड बाजूला काढा आणि जे काय प्रयोग करायचे ते त्यात करा.

मिठाचं नीट समजून घ्या कारण निम्मी रड तिथेच आहे. एसएलईएस म्हणजे लिक्विडमधलं फेस करणारं, मळ काढणारं मुख्य रसायन, त्याचे रेणू पाण्यात एकत्र येऊन बारीक गोळे करतात, त्याला मायसेल म्हणतात. रेणूच्या डोक्यावर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत असतात, मीठ पडलं की ती ढकलाढकली कमी होते, रेणू जवळ येतात आणि गोळ्यांचे लांब शेवयांसारखे धागे होतात, ते एकमेकांत गुंततात आणि लिक्विड दाट होतं. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पण अजून मीठ टाकत गेलात की त्या धाग्यांना फाटे फुटतात, गुंता सरकायला लागतो आणि लिक्विड परत पातळ! त्याच्याही पुढे गेलात तर गढूळ होऊन थर वेगळे पडतात. म्हणजे पातळ लिक्विड दोन्हीकडे असतं, मीठ कमी असताना पण आणि जास्त असताना पण, नुसतं बघून कळत नाही.

म्हणून एका ग्लासात थोडं मिठाचं पाणी टाका, दुसऱ्यात थोडं साधं पाणी. साध्या पाण्याने दाट झालं तर समजा मीठ जास्त झालंय, मग बिनमिठाची नवीन बॅच करून तिच्यात हे थोडं थोडं मिसळा. बहुतेक रेसिपीत १ ते ३ टक्के मिठाच्या आसपास सगळ्यात दाट होतं पण प्रत्येकाचं वेगळं येतं, कारण सीएपीबी (फेस वाढवणारं जोडीचं रसायन) टाकत असाल तर त्यात आधीच साधारण ५ टक्के मीठ असतं, ते कोणी धरतच नाही. मीठ मुठीने नको, वजन करून, पाण्यात विरघळवून, आणि लिक्विड गार झाल्यावरच. गरम असताना ते पातळच दिसतं, तेव्हा घाई केली की सकाळी पस्तावाल. सेंट पण मिठाच्या आधी टाका, लिंबाच्या सेंटने दाटपणा बराच बदलतो.

एसएलईएसची ७० टक्क्यांची पेस्ट बादलीत घेऊन वरून पाणी ओतायचं, ही दुसरी नेहमीची चूक. पाण्यात एसएलईएसचं प्रमाण ३० ते ६० टक्क्यांच्या मधे असताना ते पेस्टपेक्षाही घट्ट जेल होतं, वरून पाणी टाकलं की अख्खा माल त्या टप्प्यातून जातो आणि अशा गुठळ्या होतात की फिरवून फिरवून हात दुखतात पण विरघळत नाहीत. आधी पाणी ड्रममध्ये घ्या, त्यात पेस्ट थोडी थोडी सोडा, हळू फिरवा, रात्रभर भिजू द्या. ड्रिल मशीन फुल स्पीडला लावून काही होत नाही, फक्त फेस होतो.

अॅसिड स्लरी (मळ काढणारं आम्लधर्मी दाट रसायन) वापरत असाल तर तिचं आम्ल मारायला साधारण १०० ग्रॅम स्लरीला १२ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, चष्मा आणि ग्लोव्हज घालायचे, प्लास्टिकची बादली घ्यायची, अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको कारण कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन निघतो. द्रावण गार झालं की स्लरी हळूहळू सोडा आणि पीएच पेपरने ७ ते ८ आलाय ना ते बघा. हे झाल्यावरच एसएलईएस, कारण अॅसिडमध्ये एसएलईएस तुटतं, मग कितीही मीठ टाका दाट होणार नाही.

जंतुनाशक लिहायला मिळावं म्हणून काही जण डिशवॉशमध्ये बीकेसी (जंतू मारणारं रसायन) टाकतात. बीकेसीचा चार्ज पॉझिटिव्ह, एसएलईएसचा निगेटिव्ह, दोघं एकमेकांना धरतात आणि लिक्विड फाटतं, ना फेस राहतो ना जंतू मरतात. २०२० ला सॅनिटायझर दाट करायला आणलेली कार्बोपॉल पावडर उरलीय म्हणून ते टाकणंही तसंच. ते पॉलिमर चार्जच्या जोरावर फुगतं आणि मीठ तो जोरच काढून घेतं. पावडरनेच दाट करायचं असेल तर एचपीएमसी बघा, आधी गरम पाण्यात पसरवून मग गार करायचं, डायरेक्ट गार पाण्यात टाकलं तर गुठळ्या.

वास येतोय, काळे ठिपके दिसतायत, बाटली फुगलीय, तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल खराब होऊ न देणारं रसायन, बघा. सोडियम बेंझोएट स्वस्त म्हणून सगळे टाकतात पण ते आंबट मालात चालतं, पीएच ५ च्या खाली, ७ ला टाकून पैसे फुकट. आयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह घ्या, पुरवठादार सांगेल तेवढंच, जास्त झालं तर हाताला खाज येते, आणि गरम लिक्विडमध्ये टाकू नका.

व्हाइट फिनाइलचं थोडक्यात सांगतो. पाइन ऑइल आणि इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं रसायन) आधी एकजीव करा, मग पाणी हळूहळू. वर साय आली पण हलवल्यावर मिसळून तशीच राहिली तर विशेष काही नाही, पण तेल सुटून तरंगत असेल तर इमल्शन फाटलंय, हलवून उपयोग नाही, इमल्सिफायर बदला किंवा वाढवा. बोअरचं पाणी असेल तर आधी तेच बदलून बघा.

आणि थंडीत एसएलएस (एसएलईएससारखंच फेस करणारं, पण वेगळं रसायन) वापरलेलं डिशवॉश लिक्विड सकाळी गढूळ दिसलं, तळाला सुया दिसल्या तर घाबरून पाणी किंवा मीठ टाकू नका, एसएलएस गार झालं की असं बाहेर येतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, परत साफ होईल.