जुना डेस्कटॉप रीस्टार्ट होताना अडकतो? आधी तो नेमका कुठे अडकतो ते पाहा

बंद करून पुन्हा चालू केलं की मशीन व्यवस्थित चालतं. रीस्टार्ट दिलं की स्क्रीन काळा, पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागलेला आणि पुढे काहीच नाही. एका ग्रंथालयातले जुने डेस्कटॉप मी सांभाळते. ही तक्रार माझ्याकडे सारखी येते, आणि येताना बहुधा निकाल लावूनच येते: विंडोज उडालंय, फॉर्मॅट मारा, नाहीतर मदरबोर्ड गेलाय, मशीन टाकून द्या. या दोन्हींची घाई करू नका, असं मी अगदी कळकळीनं सांगते. जे मशीन पूर्ण बंद करून चालू केल्यावर सुरू होतं, त्याचे मुख्य भाग बहुतेक वेळा शाबूत असतात. दोष शोधायला थोडा धीर लागतो, एवढंच.

पहिली गोष्ट समजून घ्या: रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं नव्हे. मशीन बंद केलं की बोर्डाचा मुख्य पुरवठा तुटतो. रीस्टार्टमध्ये तो तुटत नाही. विंडोज सगळे प्रोग्रॅम बंद करतं, डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून घेतं आणि शेवटी बोर्डाला रीसेटचा इशारा देतं. अगदी जुन्या पीसींमध्ये हा इशारा चक्क कीबोर्ड कंट्रोलरच्या चिपमार्फत जायचा. नंतर ते काम चिपसेटकडे (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपांकडे) आणि एसीपीआयकडे (विंडोज आणि बोर्ड यांच्यातल्या वीज-नियंत्रणाच्या ठरलेल्या पद्धतीकडे) आलं. या सगळ्या वेळात एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना पुरवणारा डबा, चालूच असतो. म्हणजे रॅम, हार्डडिस्क, ग्राफिक्स कार्ड आणि यूएसबीला लावलेली प्रत्येक वस्तू, सगळ्यांना वीज मिळत राहते. एखादा भाग आधीपासूनच हँग झालेला असेल तर तो तसाच हँग राहतो. वीज तोडली की सुटतो. म्हणूनच भिंतीवरचं बटण बंद करून चालू केल्यावर तेच मशीन शहाण्यासारखं वागतं.

आता तुमचं मशीन कुठे थांबतं ते बघा. 'रीस्टार्टिंग' हे शब्द दिसत असताना? ते गेल्यावर, कंपनीचा लोगो यायच्या आधी किंवा लोगोवरच? की लोगो जाऊन विंडोज लोड होताना? या तीन जागांचे उपाय वेगळे आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की दिवस वाया जातो. स्क्रीन काळा झाल्यावर कीबोर्डवरचं नम लॉक दाबून पाहा. दिवा लागतो-विझतो असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त डिस्प्ले येत नाहीये. मग मॉनिटरची केबल आणि ग्राफिक्स कार्ड आधी तपासा. दिवा ढिम्म असेल तर मशीनच थांबलं आहे.

याहून पक्का पुरावा विंडोज स्वतः लिहून ठेवतं. मशीन कसंबसं चालू झालं की इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. रीस्टार्ट दिलं त्या वेळेच्या नोंदी काढा. १०७४ ही नोंद रीस्टार्ट कुणी मागितलं ते सांगते. ६००६ म्हणजे लॉग ठेवणारी सेवा रीतसर बंद झाली, विंडोज आवराआवरीच्या शेवटाला पोचलं होतं. मात्र पुढच्या वेळी चालू होताना ६००८ किंवा कर्नल-पॉवरची ४१ दिसली, तर आधीचं बंद होणं अर्धवट राहिलं होतं. ६००६ आहे, आणि ६००८ व ४१ दोन्ही नाहीत, अशी स्थिती असेल तर विंडोजनं आपलं काम पूर्ण केलं होतं. अशा मशीनला फॉर्मॅट मारून काहीही हाती लागणार नाही. हे तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि फॉर्मॅट मारणारे बरेच जण ती देत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. कुणाची तरी वर्षांची कामं त्या डिस्कवर असतात.

विंडोज बंद होतानाच अडकत असेल तर

प्रिंटर, स्कॅनर, वायफायचा डाँगल काढून रीस्टार्ट द्या. मग सेफ मोडमध्ये (फक्त अगदी गरजेचे ड्रायव्हर लोड करून चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन तिथून रीस्टार्ट द्या. सेफ मोडमधून नीट होत असेल तर एखादा ड्रायव्हर किंवा मागे चालणारा प्रोग्रॅम सोडत नाहीये. अलीकडे काय टाकलं होतं ते आठवा आणि तिथून सुरुवात करा.

फास्ट स्टार्टअपकडे मात्र नीट लक्ष द्या. विंडोज ८ पासून ही सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं. म्हणजे 'शट डाउन करून चालू केलं तर चालतं' हा तुमचा अनुभव फसवा असू शकतो, कारण तिथे ड्रायव्हर नव्यानं लोड होतच नसतात. खात्री करायची तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. हे पूर्ण बंद होणं असतं. त्यानंतर चालू करतानाही अडकलं तर दोष रीस्टार्टचा नाही, लोड होण्याचा आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या पानावर जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करून टाका. जुन्या मशीनवर मी ते बंदच ठेवते.

डिस्क मरायला टेकली असली तरी बंद व्हायला वेळ लागतो. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये रीॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागांचे, आकडे पाहा. ते वाढत असतील तर बाकी सगळं थांबवा आणि आधी बॅकअप घ्या. सीआरसी एररचा (डेटा पाठवताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर डिस्कपेक्षा साटा केबलवर, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या केबलवर, संशय घ्या. ती बदलणं सोपं आहे.

लोगोच्या आधी किंवा लोगोवरच अडकत असेल तर

जुन्या मशीनचा खरा घोळ इथेच असतो. कॅबिनेट उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डात उरलेली वीज उतरेल. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

सुरुवात यूएसबीपासून करा. कीबोर्ड, माउस, मॉनिटर सोडून सगळं काढा. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डातला प्रोग्रॅम, सुरुवातीला प्रत्येक यूएसबी ड्राइव्हला विचारतं की तुझ्यावरून बूट करू का. उत्तर आलं नाही तर काही जुनी बायोस वाट बघत बसतात. माझ्याकडच्या एका मशीननं या बाबतीत चांगलीच परीक्षा घेतली. रीस्टार्टनंतर लोगो यायचा, खाली सेटअपची कळ सांगणारी ओळ यायची आणि तिथेच सगळं गोठायचं. नम लॉक मेलेलं. लॉग मात्र स्वच्छ, ६००६ जागेवर. बाहेरचं सगळं काढलं, तरी तेच. कॅबिनेट उघडलं तेव्हा समोरच्या पट्टीतल्या कार्ड रीडरकडे लक्ष गेलं. बाहेरून ती नुसती खाच दिसते, पण आतून तिची बारीक केबल बोर्डाच्या खालच्या कडेला, नऊ पिनांच्या यूएसबी हेडरवर (आतली यूएसबी केबल लावायच्या पिनांवर) लावलेली होती. ती केबल उपसली आणि मशीन पहिल्याच फटक्यात रीस्टार्ट झालं. त्या खाचेत कुणी कार्ड घालत नव्हतं, पण वीज तिला मिळत होती आणि रीसेट ती मानत नव्हती. तेव्हा 'सगळं काढलं' म्हणताना आतल्या केबलीही मोजा. बायोसमध्ये लेगसी यूएसबी सपोर्ट (विंडोज लोड होण्याआधी यूएसबीचा कीबोर्ड चालू ठेवणारी सोय) बंद करायचा सल्ला काही जण देतात; तुमचा कीबोर्ड यूएसबीचा असेल तर तसं करू नका, बायोसमध्ये परत शिरणं अवघड होऊन बसेल.

मग सेल. बोर्डावरचा चपटा गोल सेल सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. घड्याळ मागे जाणं, वेबसाइटींवर सर्टिफिकेटच्या तक्रारी येणं, या त्याच्या खुणा. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली असेल तर बदला. पण काढण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः साटा मोडचा, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलतो त्या सेटिंगचा; एएचसीआय आणि आयडीई या त्यातल्या दोन पद्धती. सेल काढल्यावर सेटिंग मूळपदावर जातं आणि एएचसीआय असलेलं आयडीई होऊन बसतं, किंवा उलटं. मग विंडोज निळा स्क्रीन दाखवतं, त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहिलेलं असतं आणि माणूस घाबरून फॉर्मॅटकडे धावतो. मोड पूर्ववत करा, विंडोज परत येईल. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.

रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी दातांवर खोडरबर हलक्या हातानं फिरवा, भुगा झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्याहून चांगलं. स्लॉट मऊ ब्रशनं साफ करा आणि पट्टी खटका बसेपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून रीस्टार्ट देऊन पाहा.

एसएमपीएस म्हातारा झाला की चालू मशीन चालतं, पण सगळे भाग एकदम जागे होताना पुरवठा खाली बसतो. कनेक्टर बोर्डात असतानाच मागच्या बाजूनं मल्टिमीटरची लाल पिन हलकेच सरकवा, काळी पिन कुठल्याही काळ्या तारेवर. पिवळी तार १२ व्होल्टची, ती ११.४ ते १२.६ मध्ये हवी. लाल ५ ची, ४.७५ ते ५.२५. नारिंगी ३.३ ची, साधारण ३.१४ ते ३.४७. जांभळी तार मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट दाखवते, तिची मर्यादा लालसारखीच. करडी तार 'वीज ठीक आहे' हा निरोप बोर्डाला देते. तो निरोप डळमळीत असेल तर पंखे फिरतात पण बोर्ड रीसेटमधून बाहेरच येत नाही. आकडा नुसता वाचू नका, कुणाला तरी रीस्टार्ट द्यायला सांगा आणि त्या क्षणी पिवळ्या तारेवर काय होतं ते बघा. काही ब्रँडेड मशीनमध्ये कनेक्टर आणि रंग वेगळे असतात, तिथे हा हिशेब लागू नाही. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते, ती जीव घेते. बिघडला तर अख्खा बदला.

बोर्डावरचे कपॅसिटर मात्र डोळ्यांनी तपासता येतात. प्रोसेसरच्या भोवती उभ्या नळकांड्या असतात, त्यांचं डोकं सपाट हवं. टॉर्च तिरपी धरा. डोकं फुगलेलं असेल, वरच्या खाचेतून तपकिरी काही झिरपलेलं असेल किंवा बुड एका बाजूनं उचललेलं असेल तर कारण सापडलं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बोर्डांमध्ये हा दोष फार बोकाळला होता. नीट सोल्डरिंग येणारा माणूस ते बदलू शकतो.

मशीन सकाळी रीस्टार्ट होतं आणि तास-दोन तास चालल्यावर होत नाही, असं असेल तर उष्णता पाहा: प्रोसेसरच्या हीटसिंकमधली धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट. आणि चालू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडत असेल तर समोरचं पॉवर बटण आत रुतलं आहे का ते तपासा. बटण दाबून धरल्यावर मशीन नेमकं असंच बंद पडतं.

बायोस अपडेट सर्वांत शेवटी, आणि एसएमपीएसवर भरवसा असेल तरच. मधेच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

लोगो जाऊन पुढे अडकत असेल तर

बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश येत असेल तर पेनड्राइव्ह राहिलाय का बघा, मग बूटचा क्रम, मग डिस्कची केबल आणि बोर्डावरचा पोर्ट बदलून पाहा. लिनक्स वापरत असाल आणि मशीन रीस्टार्टच्या शेवटी थिजत असेल, तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) रीसेटचा मार्ग सांगता येतो: ग्रबमधल्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) कर्नलच्या ओळीत रिबूट हा पर्याय इंग्रजीत लिहून त्याला पीसीआय, एसीपीआय किंवा बायोस यांपैकी एकेक किंमत देऊन पाहा. जुन्या बोर्डांवर हा उपाय लागू पडलेला मी पाहिला आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलली की लागोपाठ काही रीस्टार्ट द्या, मशीन तापल्यावर पुन्हा द्या, आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा. एकदा झालं म्हणून झाकण लावू नका.

हे सगळं करूनही रीसेट होत नसेल तर दोष बोर्डातच आहे असं धरा. तरीही मशीन वापरता येतं. रीस्टार्टऐवजी पूर्ण शट डाउन करून चालू करायची सवय लावा. अपडेटला ॲक्टिव्ह अवर्स (ज्या तासांत विंडोजनं आपणहून रीस्टार्ट द्यायचं नाही ते) ठरवून द्या आणि रात्री मशीन चालू सोडू नका, नाहीतर विंडोज परस्पर रीस्टार्ट देईल आणि सकाळी तोच काळा स्क्रीन दिसेल. मशीन अजून चालू होतंय तोवर डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. तेही जमलं नाही तर डिस्क बाहेर काढून यूएसबी-साटा अडॅप्टरनं दुसऱ्या मशीनला लावा, ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून वेगळी पॉवर असलेलाच अडॅप्टर घ्या.